अडाण्यांना धर्म कळतो काय?

१९३६ च्या अखेरीस जॉन मॉट हे अमेरिकन मिशनरी पुढारी गांधीजींना भेटले. गांधीजी त्याच वर्षी एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले होते. त्या गावाचे सेवाग्राम व्हायला अजून अवकाश होता. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली, त्याला वर्ष उलटले होते आणि अस्पृश्य समाज आता कोणाच्या दारात जाणार या विचाराने सर्वच धर्मांच्या ठेकेदारांची झोप उडाली होती. मॉट यांनी हरिजनांना शुभवर्तमान सांगण्याचा विषय काढला. गांधीजींनी त्यांना उलट विचारले, की ते गाईला जाऊन शुभवर्तमान सांगतील काय; आणि काही अस्पृश्यांची समज गाईपेक्षाही कमी आहे, अशी पुस्तीही जोडली. हा संवाद १९ डिसेंबर १९३६ च्या ‘हरिजन’मध्ये छापून आला.

गांधीजींच्या भक्तांना हा संवाद आठवत नाही आणि त्यांच्या वैऱ्यांना तेवढाच आठवतो. मिशनऱ्यांनी दुष्काळ, आजार आणि कर्ज यांचा फायदा घेऊन माणसे मोजू नयेत, हे गांधीजींचे म्हणणे रास्त होते. परंतु त्या म्हणण्याच्या आधारासाठी त्यांनी जो सिद्धांत वापरला तो त्यांचा नव्हता. तो फार जुना होता, आणि ज्या ख्रिस्ती धर्माबद्दल बोलणे चालले होते त्याच धर्माविरुद्ध तो साडेसतराशे वर्षांपूर्वी प्रथम मांडला गेला होता.

इसवी सन १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या एका सुविद्य ग्रीक पंडिताने ख्रिस्ती पंथाच्या खंडनासाठी ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. पण पाऊणशे वर्षांनंतर ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्याला उत्तर देताना त्यातील इतका मजकूर उतरवून घेतला, की सेल्ससचा बराचसा युक्तिवाद आजही हाती आहे. त्यात तत्त्वज्ञान आहे, येशूच्या जन्माची टवाळी आहे. पण खरा संताप निराळ्याच गोष्टीचा आहे. लोकर विंचरणारे, चांभार, कपडे धुणारे, ज्यांना अक्षरओळख नाही असे गावंढळ लोक धर्माची चर्चा करतात! मालकासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण मालकाची पाठ वळली की त्याच्या घरातील मुलांना आणि बायकांना ते शिकवू लागतात. या पंथाला मूर्ख, गुलाम, स्त्रिया आणि पोरे यांच्याखेरीज कोणी पटवता येत नाही, असा सेल्ससचा निष्कर्ष आहे. गुलाम, स्त्रिया, मुले ही यादी वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे एका अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

सेल्ससच्याही आधी, ११२ च्या सुमारास, काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँतस प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजन याला एक पत्र लिहिले. ख्रिस्ती लोकांचे काय करावे, हा त्याचा प्रश्न होता, कारण ही लागण शहरांतून खेड्यांपर्यंत पसरली होती. खरे काय ते काढून घेण्यासाठी त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ करवला. त्या आपल्या मंडळीत सेविकेच्या पदावर होत्या. त्यांच्याकडून हाती काय आले? पहाटे जमणे, ख्रिस्ताची स्तुती गाणे, चोरी आणि विश्वासघात न करण्याची शपथ घेणे, एकत्र जेवणे. जे इतरांकडून त्याने ऐकले होते त्याच्यापलीकडे काही नाही. सुभेदारसाहेबांनी त्याला हीन दर्जाची अंधश्रद्धा ठरवून विषय मिटवला. ज्या धर्माच्या मंडळीत गुलाम बाई पदाधिकारी असू शकते तो धर्म तिला कळत नसेलच, या गृहीतकावर साम्राज्याचा कारभार चालला होता. ट्राजनच्या उत्तरातले एक कलम मात्र आजच्या कायदेकर्त्यांनी वाचण्यासारखे आहे: ख्रिस्ती लोकांना शोधत फिरू नये आणि निनावी तक्रारी घेऊ नयेत.

या गुलामांना आणि लोकर विंचरणाऱ्यांना काय कळले होते? येशू गालीलचा, आरामाईक बोलणारा, सुताराच्या घरातला. रोमन सुभेदार पिलात याने त्याला क्रुसावर दिले. आणि क्रूस ही मुख्यतः गुलामांना व बंडखोरांना द्यावयाची शिक्षा होती. ज्याला गुलामाचे मरण आले तोच प्रभू, ही गोष्ट समजण्यासाठी प्लेटो वाचावा लागत नाही. किंबहुना प्लेटो वाचलेल्यांनाच ती समजत नव्हती. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचे जे चित्र आहे त्यात कोणी आपली मालमत्ता आपली म्हणत नाही, जमिनी विकून आलेले पैसे गरजेप्रमाणे वाटले जातात. हे चित्र आदर्श म्हणून रंगवलेले असेलही. पण आदर्श म्हणून कोणते चित्र रंगवले जाते यावरूनच ते रंगवणाऱ्यांची भूक कळते.

येथे भक्तिभाव आवरता घेतला पाहिजे. पहिल्या शतकातील मंडळ्यांत सगळेच गुलाम नव्हते. ज्यांच्या घरी सभा भरत ते घरदार असलेले लोक होते. मालक आणि गुलाम एका पंगतीला बसले, पण पंगत उठल्यावर मालक मालकच राहिला. पौलाने पळून आलेल्या ओनेसिम या गुलामाला भाऊ म्हणून वागव अशी चिठ्ठी देऊन त्याच्या मालकाकडे परत धाडले. गुलामगिरी मोडा असे लिहिले नाही. समतेची घोषणा करायची आणि समाजरचनेला हात लावायचा नाही, हा रोग फक्त हिंदुस्थानातील संतपरंपरेलाच झाला होता असे नाही.

तरीही एक मोठा निर्णय त्या अडाणी मंडळींनी घेतला. इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमात वाद झाला: जो यहुदी नाही त्याला ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागेल काय? सुंता करावी लागेल काय? मंडळीने उत्तर दिले, की नाही. एका जमातीची रूढी म्हणजे धर्म नव्हे, हे तेथे ठरले आणि धर्माला पाय फुटले. तो ग्रीक बोलू लागला, सिरियाक बोलू लागला. आर्मेनियात आणि इथिओपियात चौथ्या शतकातच राजमान्य झाला. इराणमार्गे पूर्वेला निघालेल्या मंडळीचा अलोपेन नावाचा धर्मोपदेशक ६३५ साली चीनच्या राजधानीत पोहोचला, अशी नोंद तेथल्या ७८१ च्या शिलालेखात आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवासी लेखकाने मलबारातील ख्रिस्ती लोकांचा उल्लेख केला आहे, आणि ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचेही लिहिले आहे. हे कल्लियाना म्हणजे ठाण्याजवळचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे इंग्रज लोक पुरते ख्रिस्ती होण्याच्या आधी कोकणपट्टीत ख्रिस्ती बिशप होता! ख्रिस्ती धर्म ‘पाश्चात्त्य’ आणि ‘परका’ असे म्हणणाऱ्यांनी निदान आपले ठाणे जिल्ह्याचे ज्ञान तरी वाढवावे.

या सर्व प्रवासात तलवार नव्हती. ती आली रोमन दरबारातून. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने छळ थांबवला, ३२५ मध्ये निकिया येथे बिशपांची परिषद सम्राटानेच बोलावली, आणि ३८० मध्ये थिओडोसियसच्या फर्मानाने निकियाचे ख्रिस्ती मत हे साम्राज्याचे अधिकृत मत झाले. सत्तर वर्षांत छळला गेलेला धर्म छळणारा झाला. उत्तर आफ्रिकेत दोनातपंथी नावाचे ख्रिस्ती होते. त्यांचा जोर खेड्यांतील रयतेत होता, आणि सम्राटाच्या मेहेरबानीवर जगणारे चर्च त्यांना मान्य नव्हते. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन हा आधी त्यांच्याशी वादविवादाने लढला. पुढे त्याने सरकारी बळजबरीचे समर्थन केले. लोकांना आपले हित कळत नाही, तेव्हा भीती दाखवून त्यांना खऱ्या मार्गावर आणणे हीच दया, असा त्याचा युक्तिवाद होता. ४१२ मध्ये दोनातपंथावर सम्राटाची बंदी आली. आता नीट पाहावे: सेल्सस म्हणत होता, अडाण्यांना धर्म कळत नाही म्हणून त्यांनी धर्म बदलू नये. ऑगस्टिन म्हणाला, अडाण्यांना धर्म कळत नाही म्हणून त्यांचा धर्म बदलून टाकावा. दोघांचे गृहीतक एकच.

हिंदुस्थानात हे दुसरे गृहीतक पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन चालले. १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या धर्मसभेत केरळच्या प्राचीन सिरियाक मंडळीलाच पाखंडी ठरवून त्यांची पुस्तके जाळण्यात आली. हे लोक ख्रिस्ती होते. रोमचे नव्हते एवढाच त्यांचा गुन्हा. त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. एका हाताने ग्रंथ जाळायचे आणि दुसऱ्या हाताने ओवी लिहायची! स्टीफन्सची मराठीवरची माया खोटी नव्हती. पण ज्या श्रोत्याला नाही म्हणण्याची मुभा नाही त्याच्यासमोर गायिलेली ओवी कितीही गोड असली, तरी ती ऐकून त्याने मान डोलावली याला पुरावा म्हणता येत नाही.

मदुरेला रोबेर्तो दे नोबिली याने १६०६ पासून दुसरी वाट धरली: संन्याशाची भगवी वस्त्रे, शाकाहार, संस्कृत, आणि ब्राह्मण धर्मांतरितांना शेंडी व जानवे ठेवण्याची परवानगी. पोपने १६२३ मध्ये त्याला मान्यता दिली. या प्रयोगाला आजही मोठ्या कौतुकाने ‘संस्कृतीशी समरस होणे’ म्हणतात. कोणाच्या संस्कृतीशी? दे नोबिली ज्या संस्कृतीशी समरस झाला तीत खालच्या जातींशी त्याला उघड मिसळता येत नव्हते. त्यांच्यासाठी पुढे वेगळे धर्मोपदेशक नेमावे लागले. यरुशलेमच्या मंडळीने जमातीची रूढी उंबऱ्याबाहेर ठेवली होती, मदुरेच्या मंडळीने ती देव्हाऱ्यात नेऊन बसवली. केरळात उच्चकुलीन सिरियन ख्रिस्ती आणि पुलय ख्रिस्ती यांच्यात जे अंतर राहिले, तामिळनाडूतील कित्येक चर्चमधून दलितांची बाके आणि स्मशाने वेगळी राहिली, त्याची जबाबदारी हिंदू समाजावर ढकलून बिशप मंडळींना मोकळे होता येणार नाही. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीविषयी जे लिहून ठेवले, त्यात गांधीजींच्या मॉट-संवादावर जसे कोरडे आहेत तसेच चर्चने जात पोसल्याबद्दल चर्चवरही आहेत.

महाराष्ट्रात ‘न समजणाऱ्यां’ना समजावे म्हणून सर्वांत खडतर कष्ट जिने घेतले ती पंडिता रमाबाई. तिला स्वतःलाच ‘तुला कळत नाही’ हे दोनदा ऐकावे लागले. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तिने विलायती धर्मगुरूंना प्रश्न विचारले, त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चचा अधिकार डोळे मिटून मान्य करायला नकार दिला, तेव्हा तिला अहंकारी ठरवले गेले. आणि १८९३ मध्ये शारदा सदनातील विधवांच्या प्रार्थनांवरून पुण्यात गहजब झाला, तेव्हा त्या विधवांना स्वतःची मते असतील हे पुण्याच्या कोणा कैवाऱ्याच्या ध्यानात आले नाही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले, खेड्यातल्या बाईला वाचता यावे म्हणून. १९२२ मध्ये तिचा मृत्यू झाला तोवर ते काम चालू होते. सेल्ससला इतके नेमके उत्तर ओरिजेननेही दिले नव्हते.

आणि उत्तर वर्ध्यातूनही दिले गेले होते, सेगावपासून काही मैलांवरच्या मगनवाडीतून. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तेथे जे. सी. कुमारप्पा पाहत होते. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील या अर्थशास्त्रज्ञाचे मूळचे आडनाव कॉर्नेलियस. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये मंडळीत प्रवेश मिळालेला जो पहिला रोमन शतपती, त्याचे हे नाव. कुमारप्पांनी रोमन शतपतीचे नाव टाकून घराण्यातले तामिळ नाव घेतले. ख्रिस्त मात्र टाकला नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही असे मत दिले, तेव्हा कुमारप्पांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या आचार-विचारांवर पुस्तक लिहिले. १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्याची प्रस्तावना गांधीजींची आहे. संघटित चर्च एक आणि येशूची शिकवण दुसरी, हा त्या पुस्तकाचा कणा. घाणी चालवणाऱ्या तेल्यांमध्ये आणि हातकागद करणाऱ्यांमध्ये दिवस काढणाऱ्या माणसाला येशूचा श्रोता कोण होता हे सांगावे लागले नाही. लोकर विंचरणारे त्याच्या रोजच्या ओळखीचे होते.

स्वातंत्र्यानंतर सेल्ससचे गृहीतक सरकारदप्तरी दाखल झाले. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर. त्या सरकारने १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. समितीत ख्रिस्ती सदस्य एकच: वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक एस. के. जॉर्ज. कायदेभंगाला पाठिंबा दिल्यामुळे ज्यांना कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील अध्यापनाची नोकरी सोडावी लागली होती असे हे सज्जन गांधीवादी. १९५६ च्या अहवालात परकी पैशाबद्दल आणि आमिषांबद्दल पुष्कळ पुरावा गोळा केलेला आहे, आणि त्यातील काही भाग मिशनांना नाकारता येण्यासारखा नाही. परंतु शिफारशींपाशी आल्यावर अहवाल आमिष देणाऱ्यापाशी थांबत नाही. घेणाऱ्याची गरज, त्याचा अननुभव, त्याची मानसिक दुर्बलता यांकडे तो वळतो. धर्मप्रचाराच्या साहित्याला सरकारची आगाऊ मान्यता असावी असेही सुचवतो. गरीब माणूस म्हणजे ज्याच्या वतीने दुसऱ्याने समजून घ्यावयाचे असा माणूस!

आता नियतीची थट्टा पाहावी. अहवाल निघाला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून लाखो दलित जमले. त्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आंबेडकरांच्या मागून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि धर्म बदलला. त्याच सोहळ्यात न्यायमूर्ती नियोगींनीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. न्यायमूर्तींना त्रिशरण कळले आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या शेतमजूर बाईला ते कळले नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

पण कायदा तेच म्हणतो. नियोगी अहवालाच्या वाटेने मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये ‘धर्मस्वातंत्र्य’ कायदा केला. वर्धा तोपर्यंत महाराष्ट्रात आले असल्याने तो येथे लागू झाला नाही. बळजबरी, आमिष किंवा फसवणूक यांनी धर्म बदलवणाऱ्यास त्यात एक वर्षापर्यंत कैद होती. मात्र बदलणारी व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर कैद दुप्पट. मुले, स्त्रिया, आणि गुलामांच्या जागी दलित-आदिवासी: सेल्ससची यादी जशीच्या तशी! २०२१ च्या नव्या कायद्याने याच यादीसाठी दोन ते दहा वर्षांची शिक्षा केली. दरम्यान १७ जानेवारी १९७७ रोजी, आणीबाणी चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय देऊन १९६८ च्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. त्या सर्व युक्तिवादात प्रचारकाचा हक्क तपासला गेला. ऐकून स्वतःचा निर्णय करणाऱ्याचा हक्क बाजूलाच राहिला.

समाजवादी आणि डाव्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नात फारसे लक्ष घातले नाही. धर्म ही अफू, हे मार्क्सचे वचन पाठ असले की बाकीचे वाचण्याची गरज उरत नाही, असा एक समज आहे. एंगल्सने मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८९४ मध्ये, आद्य ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि त्या चळवळीची तुलना आधुनिक कामगार चळवळीशी केली. गुलाम, मुक्त झालेले गुलाम, हक्कहीन गरीब यांची ती चळवळ होती हे त्याने आवर्जून सांगितले. गुलामाने स्वर्गात न्याय शोधला म्हणून त्याला न्यायाची भूक नव्हती असे एंगल्स म्हणत नाही. इकडचे कार्यकर्ते मात्र धर्मांतर करणाऱ्या मजुराबद्दल बोलताना नकळत सरकारी वकिलाची भाषा बोलू लागतात: त्याला फसवले असेल.

आणि फसवणुकीचाच हिशेब मांडावयाचा तर तो पूर्ण मांडावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तक्रार फेटाळली, २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ती उचलून धरली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. तेव्हा धर्म बदलण्याचे आमिष एका बाजूला असेल, तर न बदलण्याचे आमिष दुसऱ्या बाजूला सरकारनेच शिष्यवृत्तीच्या, नोकरीच्या आणि राखीव मतदारसंघाच्या रूपाने टांगून ठेवले आहे. या आमिषाला कोणत्या कलमाखाली शिक्षा आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्याच्या दृष्टीने पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. गृह, विधी, महिला व बालविकास, अल्पसंख्याक, सामाजिक न्याय अशा खात्यांचे अधिकारी तिच्यात घेण्यात आले. ज्याने धर्म बदलला आहे किंवा बदलू पाहतो आहे अशा एखाद्या मजुराला किंवा मोलकरणीला तिच्यात जागा ठेवलेली नव्हती. प्लिनीने त्या दोन गुलाम बायकांना निदान प्रश्न तरी विचारला होता.